कशाला?

गोदामावर त्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती त्याने जन्मात केली नव्हती. पण तरुणपणी दोन-दोन पोती पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा, तेव्हा कुणीतरी ठेवलेलं हे नाव. पुढे पाठ गेली, नाव राहिलं. डॉक्टरांनी स्पष्टच बजावलं होतं, "पुन्हा ओझं उचललंत तर अंथरूण धराल." तेव्हापासून पैलवान घरी बसून होता, आणि आपलं घर किती लहान आहे ते त्याला नव्यानेच कळत होतं.

संसार चालत होता तो बायकोवर. ती दोन घरची भांडी घासायची. शिवाय गरीब घरांसाठी निघालेल्या योजनेचे पैसे दर महिन्याला यायचे, तेही तिच्याच खात्यात. घरच्या बाईच्याच हाती पैसे द्यायचे असं वरून ठरलं होतं. "म्हणजे सरकारनेही आपल्याला ओळखलं म्हणायचं!" असं पैलवान चहाच्या टपरीवर सांगायचा आणि सगळे हसायचे. कापडदुकानदार म्हणायचा, "फुकटच्या पैशाने माणसं आळशी होतात." त्यावर पैलवान जोरजोरात मान डोलवायचा आणि घरी येऊन त्याच पैशांचं पोटभर जेवायचा.

रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हती. चांगल्या दिवसांत पैलवान त्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त मिळवायचा. पण हमालीचा पैसा संध्याकाळी हातात यायचा आणि सकाळी कुठे गेला ते कळायचं नाही. तेल आणायचं तर वाटीभर, साबण आणायचा तर अर्धी वडी, आणि सुट्टं घ्यायचं म्हणजे महागच पडायचं. बायकोच्या खात्यातला पैसा मात्र थांबायचा. तिने महिन्याचं सामान एकदम भरायला सुरुवात केली, तशी वाण्याची उधारी मिटली. अडीनडीला मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग महिनाभर अर्ध्या मजुरीवर राबायचं, तेही बंद झालं. भांड्यात पाणी पूर्वीपेक्षा कमीच पडत होतं, पण तळाचं भोक बुजलं होतं. पैलवानाला हे सगळं दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच तर मनाला जास्त लागत होतं.

कारण आता पैसे मागायचे झाले तर तिच्याकडे मागायचे. आजवर सगळं उलटं होतं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, थोडे पैसे हवे होते." तो खिशावर हात ठेवून विचारायचा, "कशाला?" मनात वाईट काही नसायचं. पै-पैला महाग असलेल्या घरात विचारावंच लागतं, असं त्याचं मत. मग ती सांगायची, लेकीला वह्या हव्यात, खोकल्याचं औषध संपलंय. कधी नुसतंच "राहू द्या" म्हणून आत वळायची. पैसे वाचले म्हणून तेव्हा त्याला बरंच वाटायचं.

एके दिवशी सकाळी मुकादम भेटला. "पैलवान, गोदामाच्या फाटकावर वॉचमन हवाय. बसून काम, महिन्याचा पगार. पण मालकाला चपलेतला माणूस चालत नाही. उद्या बूट घालून ये. उशीर केलास तर जागा गेली म्हणून समज, दोघेजण टपून बसलेत."

बूट! जे पाय जन्मभर अनवाणी फळ्या चढले, त्यांना आता बूट हवे होते. दुकानात किंमत विचारली आणि पैलवानाचा चेहरा उतरला. सरळ मागून टाकू, असं त्याने घरी येईपर्यंत चारदा ठरवलं. बायको समोर आली तेव्हा तोंडातून निघालं ते, "आज ऊन फार आहे, नाही?"

मग मनाने पळवाट शोधली. दुपारी सिमेंटचा ट्रक लागणार होता. निम्मी गाडी उतरवली तरी बुटांपुरते सुटतील. एकच दिवस तर आहे. एवढी वर्षं पाठीने ऐकलं, आणखी एक दिवस ऐकेल.

तो गेला. डोक्याला टॉवेल गुंडाळला, ट्रकच्या मागच्या बाजूला पाठ करून वाकला. वर त्याचा जुना जोडीदार होता. त्याने पोतं कडेपर्यंत ओढलं आणि तसंच धरून ठेवलं.

"पैलवान, डोकं फिरलंय का तुझं? घरात पैसे येतायत, अन् तू पाठ मोडून घेतोस. कशाला?"

खरं उत्तर एकच होतं: मागायची लाज वाटते. ते काही ट्रकखाली उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. आणि पाठ कायमची बसली, तर बायकोने थांबवून ठेवलेला पैसा न् पैसा औषधांत जाणार होता. लेकीच्या वह्यांचे पैसेसुद्धा त्यातच. त्याला स्वतःचीच भीती वाटली. तो हळूच सरळ झाला, टॉवेल झटकला आणि घरची वाट धरली.

बायको भांडी पुसून फळीवर लावत होती. पैलवान आत न जाता चौकटीला टेकून उभा राहिला.

"अगं, थोडे पैसे हवे होते."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की जागाही तिचीच होती आणि वाक्यही तिचंच. पुढची उत्तरं त्याने रस्ताभर घोकली होती. फाटक, पगार, मालकाची अट, पहिल्या पगारात परत देण्याचा वायदा.

हात पुसत ती म्हणाली, "किती?"

पैलवान गडबडला. याची तयारीच नव्हती.

"कशाला ते तरी विचार."

"नको."

"अगं, विचार तर! कारण चांगलं आहे."

"असेल ना." तिने वरचा पैशांचा डबा खाली काढला. "माझीही कारणं चांगलीच असायची. पण एकेक सांगताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुमच्यावर ती वेळ कशाला आणू? किती हवेत, तेवढं सांगा."

बुटांची किंमत पैलवानाला तोंडपाठ होती. पण ती सांगायच्या आधी तो चौकट सोडून आत आला आणि उरलेली भांडी पुसू लागला.