भावाचं रोमन घर

माझा धाकटा भाऊ युरोपला गेला आणि येताना डोक्यात रोम भरून आला. पंधरा दिवसांत आठ देश दाखवणारी सहल, त्यात इटलीच्या वाट्याला किती येणार? दोन दिवस. त्यातली एक दुपार पोम्पेईत, राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या जुन्या शहरात. तिथल्या घरांमधून टोपी घालून काढलेले चाळीस फोटो त्यानं मला पाठवले, आणि चाळीसही फोटोंत घरापेक्षा त्याचं पोटच जास्त. पण गड्यानं तिथंच ठरवून टाकलं की आपला नवा बंगला रोमन करायचा. परत आल्या आल्या मला फोन.

"आक्का, तू शाळंत ते रोमन-बिमन शिकवायचीस ना? मग घर झालं की बघाया ये."

मी पिंपरीच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. शिकवली म्हणजे काय, गणिताच्या बाईंना जादा तास हवा असला की माझाच तास जायचा. उरलेल्या वेळात घडा, वांगं आणि घडीचा टॉवेल. रोमन घर मी पाहिलं ते शाळेच्या कपाटातल्या एका जाडजूड पुस्तकात, आणि त्याचीही निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली. उरलेल्या पानांचं मात्र मी पारायण केलं होतं. ओल्या गिलाव्यावरच रंग लावायचे, म्हणजे गिलावा वाळला की रंग भिंतीचाच होऊन जातो. भिंतीला लाल जमीन, त्यावर रंगवलेले खांब, खांबांमागं बाग, बागेत पक्षी. एवढीशी खोली, पण भिंत आहे हेच विसरायला लावायचे लोक. काळेवाडीच्या वन रूम किचनमध्ये बसून मी ती पानं बघायची आणि मला फार बरं वाटायचं.

तरी भावाला मी येते म्हटलं त्याचं कारण रोम नव्हतं. खरं कारण सांगते.

आमची जमीन चाकणच्या पुढं. वडील गेले, मग आई गेली, आजूबाजूला कंपन्या आल्या, गोडाऊनं झाली. एक दिवस भाऊ मला गाडीत बसवून राजगुरुनगरला घेऊन गेला, हक्कसोड करायला. आमच्याकडे बहिणीनं वडिलांच्या जमिनीवरचा हक्क कागदावर सही करून भावाला सोडून द्यायचा आणि वर साडी घेऊन हसत घरी यायचं, अशी रीत आहे. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं. वर्गात पोरींपुढं समान हक्काची भाषणं ठोकणारी मी, तिथं निमूटपणे कॅमेऱ्याकडे बघून फोटो दिला, अंगठा टेकवला, सही ठोकली. बावळटपणा. मी तेव्हा त्याला माया म्हणत होते.

बाहेर उसाचा रस पिताना भाऊ म्हणाला, "आक्का, नव्या घरात एक खोली तुझी. माझ्या खोलीच्या शेजारीच. कवाबी ये, हवं तितकं ऱ्हा."

मला जमीन नको होती. मला ती खोली हवी होती. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. सणावारी चार दिवस जाऊन टेकावं, आपलं गाव खिडकीतून दिसावं, एवढंच. मनातल्या मनात मी त्या खोलीत आईचं शिवणयंत्रसुद्धा ठेवून बसले होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मी अशी हळवी आहे हे कळलं असतं तर शाळेतल्या निम्म्या लोकांनी मला इतकी वर्षं भिऊन राहिल्याबद्दल कपाळावर हात मारून घेतला असता.

वास्तुशांतीला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी गेले. चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत बस तासभर उभी, आणि उतरले तर समोर ते घर. बाहेर आठ खांब, आतून पोकळ. बोटानं वाजवून बघितले, पाण्याच्या टाकीसारखा आवाज आला. वर त्रिकोणी कमान, कमानीत गरुड, आणि गरुडाच्या चोचीत सीसीटीव्ही.

आत डिझायनर होता. वाकडहून आलेला, दाढी कोरलेली, हातात टॅब. मी चित्रकलेची शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यानं मला "हे अ‍ॅट्रियम आहे" असं हळूहळू, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं.

आता अ‍ॅट्रियम म्हणजे काय? घराच्या मधोमध छताला चौकोनी मोकळी जागा, तिथून उजेड यायचा, पावसाचं पाणी खालच्या हौदात पडायचं, आणि भोवती खोल्या. आपला चौकच की! पण चौक म्हटलं असतं तर डिझायनरची फी कोण देणार? भावानं छताला भोक पाडलं. मग कबुतरं आली. मग भोकावर पत्रा टाकला. मग अंधार झाला. मग पत्र्याखाली पीओपी करून त्यावर निळं आकाश रंगवलं, ढग काढले आणि ढगांत दिवे बसवले. खरं आकाश झाकून त्याच जागी खोटं रंगवणारी माणसं मी प्रथमच पाहिली. हौदात पाणी टँकरचं होतं, आणि त्यात एक प्लॅस्टिकचं कमळ.

भिंती मात्र बघण्यासारख्या होत्या, म्हणजे हसण्यासारख्या. लाल रंग शेड कार्डवरून निवडलेला, ट्रॅक्टरला असतो तो. त्यावर रोमन देव आणि अप्सरा काढलेल्या. पुस्तकात ते सगळे उघडेच असतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही आणि बघणाऱ्यालाही वाटू नये. पण माझी भावजय म्हणाली की वास्तुशांतीला गुरुजी येणार, व्याही येणार, हे असलं चालायचं नाही. मग रंगाऱ्यानं एकेकीला पोलकं चढवलं. एकीला तर फुग्यांच्या बाह्या! दारूचा देव होता, त्याला धोतर नेसवलं आणि हातातला प्याला पुसून तिथं नारळ दिला. मी पदर तोंडाला लावून हसत होते. दुसऱ्याच्या मूर्खपणातून असं सावकाश फिरण्यात मोठं सुख असतं, आणि मी ते कधी नाकारलेलं नाही.

"माझी खोली कुठली गं?" मी भावजयीला विचारलं.

"हे दावतील की वन्सं. आधी च्या घ्या."

चहा घेतला. मग भाऊ घर दाखवायला निघाला. ही जिम. जिममध्ये एक सायकल, तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला. हे थेटर. ही बुटांची खोली. ही कुत्र्याची, एसी लावलेली; कुत्रा आत गादीवर झोपला होता आणि त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रोमन लोक उंबऱ्यापाशी फरशीत कुत्र्याचं चित्र काढून पाहुण्याला दम द्यायचे. इथं उलटं, कुत्रं खरं आणि रुबाब त्याचा. मी भावाला तसं म्हटलं. तो म्हणाला, "आगं जर्मनीचं हाय त्ये."

जिना चढून वर आलो. वरच्या मजल्यावर चौकाकडे तोंड करून लांब सज्जा, त्याच्या डाव्या टोकाला मोठी खिडकी. भिंतीत दोन दारं, शेजारी शेजारी, एकसारखी. हिरवट लाकूड, पितळी कड्या, वर बारीक नक्षी. पहिल्यापाशी भाऊ थांबला. "ही माझी खोली." मग तो फोनवर बोलायला लागला.

म्हणजे दुसरी माझी. त्यानं म्हटलं होतं तसं, शेजारीच. दिवसभर मी त्या माणसाला मनातून शिव्या घालत होते, त्याच्या खांबांना, त्याच्या आकाशाला, आणि त्यानं शब्द पाळला होता. मला माझी लाज वाटली. पोकळ खांब तर खांब, नवश्रीमंत तर नवश्रीमंत, भाऊ आहे माझा, असं वाटलं. मी पुढं झाले आणि कडीला हात घातला.

हाताला भिंत लागली. गार, गुळगुळीत भिंत.

"फसली!" भाऊ फोन बाजूला धरून खदाखदा हसला. "आमची आक्काबी फसली! डिझायनर म्हनलाच हुता, भले भले फसतील!"

मी हात तसाच ठेवून उभी. तो जवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून समजावणीच्या सुरात म्हणाला, "आगं, लिफ्ट मधी आली. खोली काय बसली न्हाई बघ. पर हितं दार न्हाई ठिवलं तर घराचा तोल जातो म्हनं. म्हनून दार तेवढं ठिवलंय. तुझंच समज."

रोमन लोक हेच करायचे. एकीकडे खरं दार असलं की दुसरीकडे तसंच खोटं रंगवायचे, जोडीला जोड दिसावी म्हणून. वाळवीनं सोडलेल्या पानांत ते पान होतं. मी दरवर्षी आठवीच्या पोरींना ते सांगत आले, आणि माझाच हात कडीकडे गेला.

मला रडायला यायला हवं होतं, नाहीतर त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. यातलं काही झालं नाही. मला त्याची किळस आली, त्या घराची आली, आणि तिथं साडी सावरत उभ्या असलेल्या साठीच्या बाईची सगळ्यांत जास्त आली. सही करून दिली तेव्हाच हिला कळायला हवं होतं की शब्दाला जागा लागत नाही, म्हणून तो कुठंही बसतो.

आणि मग मला दिसलं की सावली चुकली आहे.

खिडकी डावीकडे. उजेड डावीकडून येतो, तर चौकटीची सावली उजवीकडे पडायला हवी. रंगाऱ्यानं छापील चित्रावरून जशीच्या तशी उतरवली होती, उलट्या बाजूला. जुने रोमन रंगारी ही चूक करत नसत. खोलीत खरा उजेड जिकडून येई तिकडूनच चित्रातला उजेड काढायचे. तेवढ्या एका चुकीनं दार नीट बघणाऱ्याला खोटं कळलं असतं. मी बघितलं नव्हतं, मी धावले होते.

गप्प बसायला हवं होतं. राहू दे की खोटं! पण तीस वर्षं पोरींच्या वह्यांत सावल्या दुरुस्त केलेली खोड.

"सावली उलटी पडलीय," मी रंगाऱ्याला म्हटलं. तो नांदेडकडचा, सज्ज्याच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर उभा राहून किनार रंगवत होता. बिचारा खाली उतरला, दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "खरंच की हो बाई. मला कुणी बोललंच नाही."

त्यानं ब्रश माझ्या हातात दिला आणि मी घेतला. तासभर लागला. डावीकडची सावली मिटवली, उजवीकडे पातळ करड्या रंगाचे तीन हात दिले, कडीखाली बारीक काळी रेघ ओढली. कडी भिंतीपासून सुटून पुढं आली. तीस वर्षांत माझ्या हातून इतकं चांगलं काम झालेलं नव्हतं. भाऊ कौतुकानं बघत होता. "आता बघ! आता कुनाला वाटंल का आत खोली न्हाई म्हनून?"

वास्तुशांतीला सगळा गाव लोटला. मीही गेले, न जाऊन सांगते कुणाला. पोलक्यातल्या अप्सरांपुढं बायकांनी सेल्फी काढले, गुरुजींनी दारूच्या देवाला हात जोडले. जेवणं झाली तेव्हा आमचे थोरले चुलते काठी टेकत चौकात आले. हक्कसोडीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही त्यांचीच. त्यांनी चारचौघांत भावाला हाक मारली.

"काय रं, आक्काला खोली द्याची बोली हुती. दिलीस का?"

भावानं वर सज्ज्याकडे बोट केलं. "ती काय अप्पा. माझ्या शेजारचं दार."

अप्पांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. जिना चढणं त्यांना आता होत नाही, आणि लिफ्ट अजून सुरू व्हायची होती. खालून दोन्ही दारं सारखीच दिसत होती. खरं सांगायचं तर माझं जास्त उठून दिसत होतं. "झाक," ते म्हणाले. "भाऊ असावा तर आसा." भोवतीच्या बायकांनी माना डोलावल्या. मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, मनासारखी हाय ना खोली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊही. हसत नव्हता, लहानपणी चोरी पकडली जाताना बघायचा तसा बघत होता. एक शब्द बोलले असते तर तिथल्या तिथं त्याचं तोंड काळं झालं असतं, आणि पुढच्या दिवाळीला मी काळेवाडीत.

शाळेत लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापकांनी माझ्या गावठी बोलण्याची थट्टा केली होती, त्या दिवसापासून मी ती भाषा तोंडातून पार घालवली होती. त्या दुपारी ती आपसूक आली.

"व्हय अप्पा," मी म्हणाले. "चांगली उजेडाची हाय."