फेलिस्बेलामावशीची बेनेदिता

पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मातोझिन्योशच्या सार्डिन मासळीच्या कारखान्यात मी डबे बंद करायच्या यंत्रावर होतो आणि फेलिस्बेलामावशी मासळी साफ करायच्या टेबलावर. ठेंगणी, विधवा, तोंडाने फटकळ. तिच्याविषयी लिहायला कुणी चांगला माणूस हवा होता, पण बाकीचे गेले.

ब्राझीलच्या मालिका तेव्हा नव्याने लागल्या होत्या. फ्रान्सला गेलेल्या मुलाने मावशीला टीव्ही पाठवला होता. बाकीच्या बायकांतल्या निम्म्या कॅफेच्या दारात उभ्या राहून पाहत, उरलेल्यांना मुलं-चुली सोडवत नसत. म्हणून रोज सकाळी हातातली सुरी न थांबवता मावशी आदल्या दिवशीचा भाग सांगायची. खलनायकाचा आवाज तर असा काढायची, की मी यंत्र हळू करायचो.

मालिकेत बेनेदिता नावाची शिक्षिका होती. तिला लग्नाआधी मूल झालेलं. ते कॉफीच्या मळ्यावरच्या एका कारभाऱ्याला कळलं आणि तो तिला धमकावू लागला. एके दिवशी त्याने तिला कॉफीच्या गोदामात गाठलं आणि तिच्यावर हात टाकला. मावशी हे सांगत असताना इल्दाच्या अंगठ्यात सुरी खोल गेली.

इल्दा डोंगराकडच्या खेड्यातून आलेली नवी पोर, लग्न ठरलेली. मावशीने तिचा अंगठा फडक्याने बांधला, तेव्हा तिला मनगटावरचे काळेनिळे वळ दिसले. मिठाच्या कोठीत मीठ आणायला मुकादम आदेलिनो नेहमी इल्दालाच पाठवायचा. मावशीने तिची बाही खाली ओढली.

त्या संध्याकाळचा भाग मी कॅफेत पाहिला. बेनेदिताने अंगावरचे दागिने कारभाऱ्याला दिले आणि त्याने गप्प राहावं म्हणून त्याचे पाय धरले.

सकाळी मावशी म्हणाली, "काल बेनेदिता भर बाजारात चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली. म्हणाली, मला मूल आहे, आणि त्यावरून हा माणूस मला छळतो."

टेबलावरची एतेल्विना मला समोर दिसत होती. दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय तिला घास गिळवत नसे, आणि काल ती कॅफेत माझ्या पुढेच उभी होती. तिने सुरी पुसली.

"हो, पाहिलं मी," ती म्हणाली. "काय ठसक्यात बोलली गं."

मग कुणी सांगितलं, बाजारातल्या बायकांनी तिला मध्ये घेतलं. कुणी म्हणालं, मासेवालीने कारभाऱ्यावर टोपली उलटी केली. ज्यांनी काल भाग पाहिला होता, त्याच हे सांगत होत्या.

इल्दाने खाली मान घालूनच विचारलं, "लोक तिच्यावर थुंकले नाहीत?"

"थुंकणारे थुंकले," मावशी म्हणाली. "पण त्याच्याकडे धमकावायला काही उरलं नाही ना, पोरी."

दुपारी आदेलिनो आला आणि इल्दाला मीठ आणायला सांगू लागला. एकटी जाणार नाही, असं ती पुटपुटली. तो हसला. "का जात नाहीस? सांगू का यांना?"

"मीच सांगते," इल्दा म्हणाली. "गावाकडे लामेगोला माझी मुलगी आहे. लग्नाआधीची. आणि कोठीत यांनी मला…" तिने बाही वर केली.

सगळ्यांआधी एतेल्विना बोलली. "मुलीचं नाव काय गं?"

"रोझालिना."

मावशीने सुरी खाली ठेवली. मग सगळ्यांनी ठेवल्या. मीही यंत्र बंद केलं. मासळी उन्हाळ्याची, थांबणारी नव्हती. शेवटी मालकाला खाली यावं लागलं. आदेलिनोला काढलं नाही, धक्क्यावर पाठवलं. पुन्हा तो आत आला नाही. इल्दाचं लग्न मोडलं. रस्त्यात काही लोक वाटेल ते बोललेही. पण शरद ऋतूत तिने मुलीला आपल्याजवळ आणलं.

मावशीचं काम मात्र वाढलं. टीव्हीवरची बेनेदिता अजून कारभाऱ्याचे पाय धरत होती, आणि टेबलावरच्या बेनेदिताला रोज नवं काहीतरी करावं लागे. ती शाळा काढायची, घोड्यावर बसायची. बाकीच्या जणी भर घालत.

एका संध्याकाळी इल्दा मुलीला घेऊन कॅफेत आली. पडद्यावर बेनेदिता अंधाऱ्या खोलीत कारभाऱ्याची वाट पाहत रडत होती. इल्दा शेवटपर्यंत उभी राहिली आणि मुलीला उचलून निघून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या जागेवर उभी राहिली, पहिली मासळी हातात घेतली आणि विचारलं, "मावशी, काल बेनेदिताचं काय झालं?"

मावशीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली.