शरणप्पांची तीन पट्ट्यांची खार

येरमाळ्यात शरणप्पांना खारीबद्दल काही विचारायचं असेल, तर हातातलं काम उरकूनच यावं. सगळी हयात त्यांनी हायवेच्या कडंला किराणा दुकान चालवलं. आता दुकान पोराकडं, शिवपुत्राकडं गेलंय आन् शरणप्पा घरच्या ओट्यावर आलेत. गिऱ्हाईक गेलं, पण माल पटवून द्यायची जिभेची सवय तेवढी राहिली. मग साखर-तेलाच्या जागी खारी आल्या.

"आपल्याकडं खारी दोन तऱ्हेच्या," ते सांगतात. "एक तीन पट्ट्यांची, एक पाच पट्ट्यांची. तीनवाली आपल्यातली. पाठीवर विभूतीच ओढलीय की तिनं. लई इमानी. पाचवाली उचली, चोरटी. तिच्या कडंच्या दोन पट्ट्या फिक्या असत्यात, पोटाकडं उतरलेल्या. नीट बघितल्याबिगर दिसत न्हाईत. तिथंच माणूस फसतंय."

"आन् शेकरू, आप्पा?" ऐकणाऱ्यातलं कुणीतरी विचारतं.

"ते डोंगरातलं जनावर. आपल्या बाभळीवर बसायला लाजंल ते."

नीट बघायची गोष्ट शरणप्पांनी करावी, ह्याचंच गल्लीला हसू यायचं. औंदा त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरानं चष्मा दिला. तो चष्मा कोपरीच्या खिशात घडी घालून असतो, फक्त कुणाच्या पत्रिकेत आपलं नाव छापलंय का, हे बघायला बाहेर निघतो.

त्यांच्या ओट्यावर रोज एक खार यायची. मांजरानं कवातरी तिच्या शेपटीचं टोक तोडलेलं. आंघोळ, पूजा उरकून कपाळावर विभूती ओढून शरणप्पा ओट्यावर टेकले, की ही लिंबाच्या फांदीवरून पत्र्यावर, पत्र्यावरून खांबावर आन् खांबावरून थेट त्यांच्या मांडीपाशी. ते शेंगदाणा धरायचे, ती दोन्ही हातांनी घ्यायची. तिचं नाव त्यांनी शरणी ठेवलं होतं. पट्ट्या किती, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तीन. मोजायचं काय त्यात? वागणुकीवरून कळतंय."

आता त्यांच्या बायकोचं, शांतम्माचं ऐका. डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तवा तिनं महादेवाला लाखवाती बोलल्या होत्या. ह्यांना नीट दिसू दे, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देवळात लाख वाती तुपात भिजवून लावीन. कापूस घरच्या रानातला, सरकी काढून पिंजलेला. दुपारची कामं आटपली की ती ओट्यावर बसून वाती वळायची आन् खांबाजवळच्या टोपलीत टाकायची. डब्यात ठेवायच्या म्हटलं तर पावसाळी हवेत वाती दमट व्हायच्या. म्हणून टोपली, वरून नुसतं फडकं.

आषाढ सरत आला तरी टोपली काही भरत येईना.

"अवो, वाती कमी व्हायल्यात," शांतम्मा म्हणाली.

"तू वळायलीस कमी."

"माझ्या हाताला काय झालंय? फडकं बाजूला पडतंय, वाती विस्कटत्यात, टोपलीपाशी दाण्याची टरफलं हायत. ही तुमच्या शरणीचीच कामं."

"शरणी वातीला तोंड लावणार न्हाय. म्या जामीन ऱ्हातो."

शांतम्माचं माहेर आळंदकडचं. बोलणं संपवायचं असलं की तिचं कन्नड बाहेर येतं. "साकु," ती म्हणाली, म्हणजे पुरे. "शेवटच्या सोमवारपातूर वाती भरल्या न्हाईत, तर देवाला जामीनदाराचं नाव सांगते."

आता आली पंचाईत. शरणप्पांनी सगळा आळ शेजारच्या मथुराबाईच्या चिंचेवर घातला. मथुराबाईकडं चार शेळ्या आन् भिंतीला लागून जुनी चिंच. चिंचेवर खारींची लई ये-जा.

"मथुराबाई, तुमच्या चिंचेवरच्या पाचपट्ट्या आमच्या वाती चोरायल्यात."

मथुराबाई शेळीला पाला टाकत म्हणाली, "आप्पा, माझ्या खारीच्या पट्ट्या तुमाला भिंतीपल्याडून मोजता येत्यात, आन् परवा मला तुमी श्रीदेवी म्हणून हाक मारली."

श्रीदेवी म्हणजे त्यांची सून. ती आत भाकरी थापत होती, तिथूनच हसली.

तरी शरणप्पा मागं हटले न्हाईत. भिंतीवर जुन्या सीडीच्या चकत्या टांगल्या, चमकल्या की खारी भितील म्हणून. खारींनी दोरी कुरतडून त्या खाली पाडल्या. मग डब्यात खडे घालून खुळखुळा बांधला. त्यानं शेळ्या तेवढ्या बिथरल्या. मग मिरचीचं पाणी करून भिंतीवर मारलं, तर वारं फिरलं आन् घरादाराला ठसका लागला.

मथुराबाईला शेवटी दया आली. "आप्पा, पत्र्याला टेकलेली ती लिंबाची फांदी आधी तोडा. पत्र्याखालच्या सांदीला जाळी मारा. आन् मुख्य म्हणजे दाणं घालायचं बंद करा. रोज जेवाया बसवायचं आन् वर घरात येऊ नको म्हणायचं, ही कुठली रीत?"

"शरणीचा ह्यात काय संबंध?" शरणप्पा म्हणाले आन् दुकानातून उंदराचा पिंजरा घेऊन आले.

पिंजरा भिंतीवर, चिंचेच्या अंगाला ठेवला. आत शेंगदाणं आन् दोन वाती. सकाळी बघतात तर आत खार. शेपटी पोटाखाली दाबून कोपऱ्यात बसलेली.

"मामा, चष्मा लावा आधी," श्रीदेवी म्हणाली.

त्यांनी चष्मा लावला. पिंजरा उन्हात धरला, फिरवला. मधल्या तीन पट्ट्या ठळक, कडंला दोन फिक्या.

"पाच!" शरणप्पा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "मथुराबाई, या बाहेर. तुमचा माल सापडला."

मथुराबाई आली. शांतम्मा आली. शरणप्पांनी मोठ्या मनानं शिक्षा सांगितली. मारायचं न्हाय, येडेश्वरीच्या डोंगरावर न्हेऊन सोडायचं. त्यांनी पिंजरा स्कूटीच्या पायदानावर ठेवला, किल्ली फिरवली. तेवढ्यात पिंजऱ्यातली खार चिर्र चिर्र करून ओरडाय लागली.

आन् घरातनं कुणीतरी तिला ओ दिली.

बारीक, सुईसारखा आवाज. श्रीदेवी कान लावत लावत खांबापाशी गेली. तिथं ओट्याच्या आढ्याला दुकानाचा जुना बोर्ड टांगलेला होता. शिवपुत्रानं दुकानावर नवा फ्लेक्स लावला, तवा शरणप्पांनी हा पत्र्याचा बोर्ड भंगारात जाऊ दिला न्हवता. 'शरणप्पा किराणा भांडार, येथे माल खात्रीचा मिळेल.' बोर्ड जरा तिरका, मागं वीतभर सांद.

श्रीदेवीनं स्टुलावर चढून बोर्ड हळूच पुढं ओढला. मागं काथ्याच्या आन् चिंध्यांच्या गोळ्यात पांढऱ्याशुभ्र वातींची गादी. गादीवर डोळं मिटलेली, लालबुंद तीन पिल्लं.

मथुराबाई पिंजऱ्यापाशी वाकली.

"आप्पा," ती म्हणाली, "माझ्या चिंचेवरच्या खारींला शेपट्या साबूत हायत. हिचं टोक कुठं गेलं?"

शरणप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग स्कूटी बंद केली. पिंजऱ्याचं दार उघडलं. बाहेर पडली ती बिनटोकाची शेपटी नाचवत खांबावरून सरळ बोर्डामागं गेली. आवाज बंद झाला.

"तीनच दिसायच्या की," शरणप्पा पुटपुटले. "रोज मांडीवर बसायची."

शिवपुत्र दुकानात न्हाय, घरी असता तर त्यानं गादी काढून वाती परत टोपलीत टाकल्या असत्या. पण शांतम्मानं श्रीदेवीला खाली उतरवलं. "पिल्लं पळाया लागूस्तोवर बोर्डाला कुणी हात लावायचा न्हाय. त्या वाती गेल्या. बाळंतिणीखालच्या वाती देवाला कशा लावायच्या?"

"मग सोमवार?" शरणप्पांनी विचारलं.

शांतम्मानं कापसाची पिशवी आणून त्यांच्यापुढं ठेवली. "वाती कुणाच्या डोळ्यासाठी बोलल्या होत्या?"

"माझ्या."

"डोळा बरा झाला का?"

झाला म्हणावं तर पट्ट्या मोजता आल्या न्हाईत, न्हाय झाला म्हणावं तर नवस कशाचा फेडायचा?

"चष्मा लावला की बरा हाय," ते म्हणाले.

"मग चष्मा लावा आन् वळा."

तवापासून सोमवारपातूर शरणप्पा ओट्यावर, धोतर गुडघ्यावर सारून, मांडीवर वाती वळत होते. डोळ्यावर चष्मा. रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. पहिल्या वाती कंदिलाच्या वातीगत जाड झाल्या. शांतम्मा एकेक वेचून परत कापूस करायची. "ही वात हाय का दावं? शेळी बांधायची का हिला?" मथुराबाई भिंतीवरून म्हणायची, "मला दोन द्या, आप्पा, माझी शेळी लई पळायलीय." ते खाली मान घालून वळत राहायचे. शेवटी शेवटी त्यांचा हात बसला. श्रीदेवीनं बी मदत केली, मथुराबाईनं बी टोमणे मारत मारत मूठभर वळून दिल्या. सोमवारी टोपली काठोकाठ भरून देवळात गेली. शरणप्पांच्या जाड वाती सगळ्यात उशिरापर्यंत जळल्या आन् त्यांनीच सगळ्यात जास्त धूर केला.

पिल्लं पळाया लागली आन् एक दिवस बोर्डामागं कुणी दिसलं न्हाय. मग शरणप्पांनी लिंबाची फांदी तोडली, बोर्ड भिंतीला सपाट ठोकला, पत्र्याखालच्या सांदीला जाळी मारली. शरणी पोरंबाळं घेऊन चिंचेवर राहायला गेली.

खारीचं ज्ञान मात्र अजून चालू हाय. फक्त माल जरा बदललाय. "पाचवाली बी आपलीच," ते आता सांगतात. "तीन कपाळाच्या, दोन दंडाच्या. विभूती दंडाला बी लावत्यात की."

पूजा झाली की ते ओट्यावर टेकत न्हाईत, भिंतीपाशी जाऊन उभे राहतात. परवा मथुराबाईनं त्यांना मूठ उघडताना पकडलं.

"आप्पा, ती आता माझ्या चिंचेची ना? मग दाणं तुमी कशापायी टाकायलाव?"

"बघायलो," शरणप्पा म्हणाले, "तुमच्याकडं तिचं खाण्यापिण्याचं नीट होतंय का."

खिशातला चष्मा त्यांच्या डोळ्यावर होता.