हरू दे, होबर्ट

डेल्फिया रॅटलिफला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी सत्त्याऐंशी साली हार्मन क्रीक कॉलेजनं फायनल जिंकली ती तिच्यामुळे, असं केंटकीच्या आमच्या डोंगरात म्हातारेकोतारे शपथेवर सांगतात. खुळचटपणा म्हणाल, तर खुशाल म्हणा.

त्या रविवारी दुपारी ती चुलीवरचे बीन्स ढवळायला उठली आणि टीव्हीवर कॉलेजच्या पोरांनी लागोपाठ बास्केट केल्या. नवरा होबर्ट, उभा जन्म कोळशाच्या खाणीत काढलेला, खुर्चीतून म्हणाला, "अगं, आता तिथनं हलू नकोस. आलीस तर खेळ बिघडेल."

"उभीच राहू?"

"पाय दुखले तर बस. पण तिथंच."

आमच्याकडे घरोघरी हेच. कुणी टोपी उलटी घालतं, कुणी जिंकेपर्यंत मोजे धूत नाही. डेल्फिया थांबली. अगदी शेवटी टॅकेटच्या पोराचा चेंडू जाळीत पडला, रस्ताभर गाड्यांचे भोंगे वाजले, पण बाहेरच्या खोलीत हूं नाही की चूं नाही. ती आली तेव्हा होबर्ट खुर्चीतच गेलेला होता.

त्यानं मरताना हाक मारली होती का? या एका प्रश्नानं तिला जन्मभर कुरतडलं.

उत्तर घरातच होतं. टीव्हीवाल्या शहरी लोकांना आमच्या पोरांचं काय कळणार, म्हणून होबर्ट टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ ऐकायचा. चित्र व्हिडिओवर घ्यायचा आणि रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवायचा. त्या कॅसेटमध्ये खोलीतलंही सगळं आलं होतं. दरवर्षी त्या रविवारी डेल्फिया दोन्ही लावायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. तिथून धड काही ऐकू यायचं नाही, आणि तेच तिला हवं असायचं.

"अगं, जिंकून झालेला सामना तो," धाकटी बहीण ओमा म्हणायची. "तू बाहेर बसलीस म्हणून काय हरणारेत?"

"सांगता येतं होय?"

यंदा डॉक्टरनं सांगितलं, कान आता फार दिवसांचे नाहीत. मग मात्र तिनं ओमाला सोबतीला बोलावलं आणि पहिल्यांदाच बाहेर, होबर्टच्या रिकाम्या खुर्चीमागे उभी राहिली.

कॅसेटमध्ये होबर्ट खोकला. "हलू नकोस" म्हणाला. "उभीच राहू?" तिचाच तरणा आवाज आला. मग बराच वेळ जड श्वास. टॅकेटच्या पोरानं चेंडू उचलला, रेडिओवाला ओरडायला लागला, आणि त्या ओरडण्याखाली अगदी हळू आवाज आला, "डेल्फिया, ये गं."

"आले," डेल्फिया म्हणाली.

पडद्यावर चेंडू कडीवर आपटला, घरंगळला आणि बाहेर पडला. रेडिओवाला गप्प झाला.

"आलीस होय?" होबर्ट म्हणाला. "हरले बघ."

"हरू दे," म्हणताना डेल्फियाला रडू फुटलं. "मी तेव्हाच यायला हवं होतं."

ओमानं घाबरून टेप बंद करायला हात घातला. कॅसेट केव्हाच संपून थांबली होती.

"बस आता जवळ," खुर्चीतून आवाज आला. डेल्फिया स्टूल ओढून शेजारी बसली.