दार वाजवण्याची तालीम

तिच्या लहानपणीच्या घराला दार एकच होतं, आणि तेही दिवसभर सताड उघडं. आतल्या दोन खोल्यांच्या मधे जुन्या चादरीचा पडदा. पडदा काही वाजवता येत नाही. पलीकडे जायचं असेल तर खाकरायचं, नाहीतर सरळ डोकं आत घालायचं. वडील गोदामात माल चढवायचे, आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची, आणि गरम कापडाचा तो वास पडद्यातून अलीकडे-पलीकडे हिंडत असायचा.

अशा घरातून ती विद्यापीठात गेली. अख्ख्या गोतावळ्यात पहिलीच. मार्क भरपूर होते, बुद्धीला तोटा नव्हता, पण तिथल्या बंद दारांनी तिची गाडी अडली. दार वाजवायचं ते किती जोरात? आतून आवाज आला नाही तर पुन्हा वाजवायचं, की तो उद्धटपणा? एकदा एक शंका विचारायला ती एका प्राध्यापकांच्या खोलीबाहेर अख्खी दुपार उभी राहिली. शेवटी ते स्वतःच बाहेर आले. ती चटकन बाजूला झाली, जणू त्यांच्या वाटेत आली होती. "काही हवंय?" त्यांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. ते कुलूप लावून निघून गेले. शंकेचं उत्तर पुढे पुस्तकात सापडलं, पण ती दुपार काही तिच्या अंगावरून उतरली नाही.

त्याच वर्षी आई एकदा येऊन गेली. लेकीचे इस्त्री केलेले कपडे फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे दिले आणि तिथूनच परतली. "आत का नाही आलीस?" तिनं नंतर विचारलं. "तुझ्या मैत्रिणींनी विचारलं असतं, ही कोण. तू काय सांगणार होतीस?" आई हसत म्हणाली होती. हसत म्हणाली, हेच वाईट.

पदवी मिळाली, पण ती तिथून हलली नाही. आधी चौकशीच्या खिडकीवर हंगामी नोकरी. मग कुणाच्या तरी मनात आलं की ज्यांच्या घरातून आधी कुणी शिकायला आलेलं नाही, अशा मुलांना हाताशी धरायला एखादं माणूस हवं. तिला जिन्याखालची खोली मिळाली. मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली होती ती. चार खुर्च्या बाहेर गेल्या, एक किटली आत आली, आणि ती त्या खोलीत गेली ती गेलीच. प्रवासात डुलकी लागावी आणि डोळे उघडावेत तेव्हा गाव मागे पडलेलं असावं, तशी वर्षं गेली. केस पिकले. खोलीत येणारी मुलं मात्र दर वर्षी तेवढीच तरुण, तेवढीच बावरलेली.

तिचं काम नेमकं काय, हे आईला कधीच कळलं नाही.

"शिकवतेस?"

"नाही."

"पेपर तपासतेस?"

"नाही गं."

"मग पगार कशाचा देतात तुला?"

खरंच, कशाचा? ती मुलांना फी-माफीचं सांगायची, वसतिगृहातली भांडणं मिटवायची, पहिल्यांदा नापास झालेल्यांना चहा पाजायची. पण तिची ख्याती होती ती तालमीची. मुलाला बाहेर उभं करायचं, स्वतःच्या खोलीचं दार लावून घ्यायचं आणि म्हणायचं, वाजव. बाहेरून उंदरानं कुरतडल्यासारखा आवाज यायचा. "ऐकू नाही आलं!" ती आतून ओरडायची. मग धडाधड. "अरे बाबा, वाजवायचंय, पाडायचं नाहीये!" बाहेर बाकांवर बसलेली मुलं खो खो हसायची आणि हसता हसता शिकायची. सगळे तिला दारवाली ताई म्हणत. तिचा नियम एकच. कुठल्याही दारापर्यंत ती सोबत येईल, शेजारी उभी राहील, पण हात मात्र ज्याचा त्यानं उचलायचा.

कधी किटलीला आधण येईस्तोवर तिची नजर लांब जायची. मग तिला उघड्या डोळ्यांनी दिसायचं की वरच्या मजल्यावरची सगळी दारं नाहीशी झालीत, त्यांच्या जागी जुन्या चादरी वाऱ्यावर हलतायत, आणि मुलं खाकरत खाकरत इकडून तिकडे जातायत. किटली शिटी वाजवायची. दारं परत जागेवर यायची.

त्या दिवशी खोलीत मुंगीची आई आली. मुंगी म्हणजे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. भिंतीच्या कडेकडेनं चालायची, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं होतं. आई शिवणकाम करणारी, दंडाला अजून मापाची टेप गुंडाळलेली. हातात दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या. मुंगी मागे मान खाली घालून उभी.

"नेते हिला घरी," हातातला जेवणाचा डबा टेबलावर ठेवून बसता बसताच आई म्हणाली. "माझ्यापायी पोरीचं वर्ष गेलं. माझं ऑपरेशन, आणि त्याच दिवशी हिचं ते प्रॅक्टिकल. बसून राहिली माझ्या उशाशी. मी म्हणत होते, जा."

"भूल दिलेली होती तुला," मुंगी पुटपुटली. "काही म्हणत नव्हतीस तू."

"मनात म्हणत होते!"

ताईला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. प्रॅक्टिकल पुन्हा घ्यायचं की नाही, हे विभागप्रमुखांच्या हातात होतं, आणि विचारायचा आज शेवटचा दिवस.

"सरांशी बोललीस?"

मुंगीनं नकारार्थी मान हलवली. "गेले होते दारापर्यंत. खूपदा."

"आणि?"

"दार बंद होतं."

ती जुनी अख्खी दुपार ताईच्या अंगावर पुन्हा येऊन बसली.

"मीच विचारते त्या साहेबांना," आई उठली. "हात जोडते, पाया पडते. माझं काय जातंय?"

"तुमचं काही जात नाही हो," ताई हळूच म्हणाली, "पण हिचं जातं."

आई खाली बसली. आपल्या लेकरासाठी काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं, यापरतं अवघड काम आईला दुसरं नसतं. पिशव्यांचे बंद ती बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

तिघी जिना चढून वर गेल्या. वरच्या लांब बोळात दुपारचं ऊन खिडक्यांमधून आडवं पडलं होतं, आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती की पाण्याखालून चालल्यासारखं वाटत होतं. विभागप्रमुखांच्या दारापाशी मुंगी थांबली. हात उचलला. खाली घेतला. परत उचलला आणि वाजवलं, जेमतेम.

आत शांतता.

ताईचा स्वतःचा हात आपोआप वर येऊ लागला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. शेजारी आईनं डोळे मिटून घेतले होते.

मुंगीनं ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा वाजवलं. या वेळी असं खणखणीत, की बोळातली दोन माणसं वळून बघायला लागली.

"आत कुणी नाहीये," मागून आवाज आला. विभागप्रमुख चहाचा कप घेऊन उभे होते. "मी इथं आहे."

मुंगीचा हात हवेतच राहिला. आणि मग, हात तसाच वर ठेवून, ती घडाघडा सगळं बोलून गेली. आईचं ऑपरेशन, प्रॅक्टिकल, शेवटचा दिवस.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आले होते सर. वाजवलं नव्हतं."

त्यांनी कपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हात खाली घे आधी. आणि आत चल."

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. आई एकदा पिशव्यांची घडी घालायची, एकदा मोडायची. "जाड वाटतं हो दार," ती कुजबुजली. "आतलं काही ऐकू येत नाही." मुंगी बाहेर आली तेव्हा बोळाच्या अगदी मधोमध चालत आली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीबरोबर तिचं प्रॅक्टिकल होणार होतं.

"मग या पिशव्या मी उगाच वाहून आणल्या का?" आई ओरडली आणि रडायलाच लागली.

मायलेकी निरोप घेऊन गेल्या. ताई जिन्याखाली परतली, किटली ठेवली, आणि आधण येईस्तोवर नजर नेहमीसारखी लांब जाऊ लागली.

टक. टक टक.

तिनं वर पाहिलं. खोलीचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यापाशी मुंगीची आई उभी होती, एकटीच. पिशव्यांच्या घड्या काखेत, आणि मुठीची बोटं अजून दाराच्या फळीवर टेकलेली.

"डबा राहिला माझा," ती लाजून म्हणाली.

"अहो, दार उघडंच आहे की!"

"दिसलं मला. पण म्हटलं, बघूया आपल्याला जमतंय का."

ताईला फाटकावर कपडे देऊन माघारी वळलेली एक पाठ दिसली, अगदी लख्ख. ती उठली आणि टेबलाजवळची बरी खुर्ची पुढे ओढली.

"या," ती म्हणाली. "आत या. चहा होतोच आहे."