टक-टक म्हणजे हाजर

“थांब वो बाई, आधी आयकू दे.”

कुठलाही वायरलेस सेट बिघडला की भाऊ पहिल्यांदा हेच म्हणायचे. मग खांद्यावरची पिशवी खाली ठेवायची, डोळे मिटायचे आणि सेटवर तळहात ठेवून गप्प उभं राहायचं. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर आपण हात ठेवतो ना, तसा. पेचकस नंतर. नवीन आलेल्या एका साहेबांना हे भलतंच वाटलं. त्यांनी मला हळूच विचारलं, “हे काही पूजापाठ करतात का?”

भाऊंचे कान तिखट. डोळे न उघडताच म्हणाले, “पूजापाठ आमच्यात नाई साहेब. आमी बुद्धाचे. निस्तं आयकून राह्यलो.”

चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातल्या एका वनकार्यालयात मी वायरलेस ऑपरेटर आहे. काम सांगायला सोपं आहे. रोज सकाळी सहा वाजता जंगलातल्या सगळ्या चौक्यांना एकेक करून हाक मारायची, कोण हाजर आहे ते वहीत लिहायचं आणि मग दिवसभर कुठे वाघ दिसला, कुठे आग लागली, ते इकडचं तिकडे सांगत राहायचं. भाऊ आमचे मेकॅनिक. मूळचे आरमोरीचे, घरी धानाची शेती. चौकी कितीही आत असो, तिथला सेट त्यांनी एकदा तरी उघडलेला असायचाच.

त्यांच्या खिशात खर्‍याची पन्नी असायची. आमच्याकडे खर्रा, म्हणजे प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी, मागायला कोणी लाजत नाही. नवखा माणूस हात पुढे करायचा, भाऊ मोठ्या मनाने पन्नी सोडायचे आणि त्याच्या तळहातावर चार बारीक स्क्रू ठेवायचे. “चाव,” म्हणायचे. स्वतः त्यांनी तंबाखूला कधी हात लावला नाही. पण बारीक स्क्रू ठेवायला पन्नीसारखी जागा नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतेय, त्या उन्हाळ्यात आमच्या कंट्रोल रूमचं रूप पालटलं. जुने ठोकळ्यासारखे सेट जाऊन टेबलावर मोठाले पडदे आले, कानाला हेडफोन आले, प्रत्येक वायरलेस चॅनलला पडद्यावर एक चौकोन आला. कोणी बोललं की तो चौकोन हिरवा होणार. या नव्या कन्सोलला गरमी सोसत नाही म्हणून खोलीत एसी लागला. एप्रिलात चंद्रपुरात एसी! ज्यांचा वायरलेसशी काडीचा संबंध नव्हता, असे बाबूही फायली घेऊन माझ्या खोलीत बसायला लागले. भाऊ दारातून डोकावून म्हणाले, “मशीनच्या नशिबानं माणसाची सोय झाली बाप्पा.”

सिस्टीम बसवायला हैदराबादहून एक इंजिनियर आला होता. गुणी माणूस, बोलायला गोड. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, “मॅडम, कुछ प्रॉब्लेम?” मी म्हटलं, बाकी सगळं छान आहे, पण हेडफोनमध्ये मधूनमधून टकटक, खुडखुड येते, डोकं उठतं, तिचा काही बंदोबस्त करा. त्याने पाच मिनिटं की-बोर्ड बडवला आणि खुडखुड गेली. मी इतकी खूश झाले की त्याला कँटीनमधून चहा मागवला.

संध्याकाळी भाऊंनी माझा हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. “लय शांत झालं वो,” म्हणाले. “जंगल इतकं शांत नसते.”

मी हसण्यावारी नेलं. म्हातार्‍या माणसाला नवं काही रुचत नाही, असं मनात म्हटलंसुद्धा. आज ते आठवलं की लाज वाटते.

दुसर्‍या दिवशी सहाची हजेरी घेतली. सगळ्या चौक्या बोलल्या. एक तेवढी बोलली नाही, तलाव चौकी.

तलाव चौकीवर मडावी नावाचा रोजंदारीवरचा वनमजूर असायचा. तळ्याच्या अगदी काठावरची झोपडी. उन्हाळ्यात आसपासचं पाणी आटलं की एक वाघीण तिची दोन पिल्लं घेऊन रोज पहाटे तिथे पाण्यावर यायची आणि ऊन चढेपर्यंत हलायची नाही. तिला माणसाचा आवाज नको म्हणून मडावी सकाळच्या हजेरीला कधी बोलत नसे. सेटचं बटण नुसतं दोनदा दाबून सोडायचा. इकडे टक-टक असं ऐकू यायचं. आमच्या जुन्या लोकांची ही रीतच आहे. बोलण्याची सोय नसेल तर टक-टक, म्हणजे हाजर. मीही वर्षानुवर्षं ती टक-टक ऐकून त्याच्या नावापुढे खूण करत आले होते.

आता टक-टक नाही. तीनदा हाक मारली, चौकोन काळाच. मी वहीत लिहिलं, ‘उत्तर नाही’. दुसर्‍या दिवशीही उत्तर नाही. तिसर्‍या दिवशीही तेच.

गंमत बघा, दुपारी तोच मडावी त्याच सेटवरून खणखणीत बोलायचा. वाघीण गेली, पिल्लं धड आहेत, सगळं सांगायचा. सकाळी कुठे होतास विचारलं तर म्हणायचा, “मी त जवाब देल्लो बाई.” इंजिनियरला फोन केला, त्याने दुपारी तपासणी करवली. “हॅलो, हॅलो, वन टू थ्री” स्वच्छ ऐकू आलं. कन्सोल ठीक, सेट ठीक. मग राहिलं काय? मडावी पहाटे झोपून राहतो आणि वर खोटं बोलतो. ऑफिसात तसंच ठरलं. तीन दिवसांची वही साहेबांपुढे गेली आणि मडावीच्या नावाने नोटीस निघाली, सोमवारपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही तर कामावरून कमी करण्यात येईल. रोजंदारीच्या माणसाला एकदा कमी केलं की परत कोण घेतं? नोटिशीला जोडलेल्या वहीच्या पानावर अक्षर माझं होतं.

भाऊंनी ते पान वाचलं. दोन बोटांनी कपाळ चोळलं.

“माणूस खोटा नाई. मशीन बी खोटी नाई,” ते म्हणाले. “मंग मधात पाहा लागते.”

“मधात काय आहे जी भाऊ?”

“थेच त मालूम नाई. दिवसा आयकू येते, पहाटे नाई. सेट एकच, माणूस एकच. मंग पहाटे बदलते काय?”

शनिवारी ते तलाव चौकीवर मुक्कामाला गेले. तिकडे मोबाईल लागत नाही, त्यामुळे काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे हाक मारली, “तलाव चौकी, हाजर?” चौकोन काळा. पुन्हा हाक मारली. काळाच. तिसर्‍यांदा मात्र चौकोन एकदम हिरवा झाला आणि कानात नुसतीच लांबलचक खरखर आली. बोलणं नाही, काही नाही. थोडं थांबून पुन्हा तेवढीच खरखर. काय लिहावं ते कळेना, मी लिहिलं, ‘खरखर, दोन वेळा’.

दुपारी भाऊ आले. पँटीला गुडघ्यापर्यंत धूळ, डोळे लाल, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा.

“सकाळी काय आयकलं वो?”

“खरखर.”

“लिहिली?”

“हाव, लिहिली.”

“थे मी होतो!” ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. मग सांगितलं. पहाटे वाघीण समोर पाणी पीत होती. माझी हाक झोपडीत ऐकू आली तेव्हा मडावी सेटला कान लावून बसलेलाच होता. त्याने टक-टक केलं. दुसर्‍या हाकेला पुन्हा केलं. हे सगळं भाऊंनी स्वतः, हाताच्या अंतरावरून पाहिलं. तिसर्‍या हाकेला त्यांनी मडावीच्या हातून माइक घेतला, बटण दाबलं, मनात पाच आकडे म्हटले आणि सोडलं. मग पुन्हा पाच. “लांबचं आयकू आलं, आखूड नाई आयकू आलं,” ते म्हणाले. “तुही नवी मशीन आखूड खाऊन राह्यली बाई.”

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. टकटक, खुडखुड, तिचा काही बंदोबस्त करा. बंदोबस्त झाला होता.

भाऊंनी इंजिनियरला फोन लावला, मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. तो बिचारा सरळ मनाने म्हणाला, “सर, वो तो नॉइज है. एक सेकंदसे छोटा जो भी आता है, सिस्टीम काट देता है. मॅडमने ही बोला था.”

मी मान खाली घातली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, आणि फोनमध्ये म्हणाले, “नॉइज नहीं है साब. आदमी है.”

इंजिनियर म्हणाला, “सॉरी सर, अभी करता हूँ,” आणि हैदराबादेत बसल्या बसल्या त्याने ते काढून टाकलं.

सोमवारी सहा वाजता मी हाक मारली. चौकोन लुकलुकला. टक-टक. मी रडले, खोटं कशाला सांगू. मग वही घेतली. वहीतलं खोडता येत नाही, पण खाली लिहिता येतं. मी लिहिलं, ‘तलाव चौकीचे उत्तर रोज येत होते. यंत्राने गाळले. गाळण्याची सूचना माझी होती.’ खाली सही केली आणि साहेबांपुढे नेऊन ठेवलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि नोटीस मागे घेतली.

भाऊंनीही ते पान मागून घेऊन वाचलं. मला वाटलं शाबासकी देतील. म्हणाले, “अक्षर बरं आहे तुहं.”

आठवड्याने मडावी ऑफिसात आला, पळसाच्या पानात टेंभरं, तेंदूची पिकली फळं, बांधून. भाऊंपुढे ठेवली, माझ्यापुढेही ठेवली. माझ्यापुढे ठेवली याचं मला फार वाटलं.

त्यानंतर दोन पावसाळे भाऊ आमच्यात होते. मग निवृत्त होऊन आरमोरीला गेले. निरोपाच्या दिवशी भाषण करा म्हटलं तर हात जोडून “जयभीम” म्हणाले आणि खाली बसले. जाताना स्क्रूंची पन्नी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेले.

दुसर्‍या दिवशी हजेरी संपली आणि माझा मोबाईल दोनदा वाजून थांबला. नंबर भाऊंचा. मी घाईने उलट फोन केला तर खेकसले, “काऊन फोन केला? टक-टक देल्ली ना मी?” तेव्हापासून रोज हेच. दोन रिंग, फोन बंद. माझ्या सरकारी वहीत आरमोरी नावाची चौकी नाही. पण माझ्या स्वतःच्या डायरीत आहे, आणि तिथे मी रोज पेन्सिलीने दोन टिंबं देते.

यंदा ऐन रोवण्याच्या, धानाची रोपं लावायच्या दिवसांत एकदा फोन वाजलाच नाही. सात वाजले, नऊ वाजले. वयाचा माणूस. मनात नको नको ते आलं. हात फोनकडे गेला, डायरीकडेही गेला. पण मी काही लिहिलं नाही. जागा कोरी सोडली आणि हेडफोन लावून काम करत राहिले.

दुपारी दोन रिंगा वाजल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा फोन बंद न होता वाजतच राहिला. मी उचलला.

“रोवणा चालू आहे वो बाई, पहाटेपासून धानाच्या बांधीत होतो. हात चिखलानं भरलेले, फोन घरी.” पाठीमागे बायांचं हसणं ऐकू येत होतं. “तू काई लिहिलं त नाई ना?”

“नाई भाऊ. जागा सोडून ठेवली.”

“हाव,” भाऊ म्हणाले. “मंग आता भर.”