पहिला मान कुमारसाहेबांचा

गोरख विंझरला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, हे गावाला अजून पचलेलं नाही. त्याची बायको सुलक्षणा गावातल्या अंगणवाडीत सेविका. तिची नोकरी सुटू नये म्हणून हा गडी पुण्यातली खोली सोडून परत आला. बायकोच्या नोकरीपायी नवरा गावाकडे येतो म्हणजे काय? कित्येकांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मी त्याच्याच टीममधला, राहायला नसरापूरला. गोरखचे वडील चिमाजी यांनी मला एकदा विचारलं, "आमचं पोरगं नेमकं करतं काय?" मी म्हटलं, "जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत कोड लिहून देणारे प्रोग्राम असतात. त्यांनी काय लिहायचं, ते गोरख ठरवून देतो." "म्हंजी मुकादम हाय," म्हणत त्यांनी विषय मिटवला. पगाराच्या मानाने त्यांना काम फारच हलकं वाटलं असावं.

आमच्याकडे असे तीन प्रोग्राम आहेत. त्यांना प्लगिन म्हणतात आणि ते मेव्हन नावाच्या अवजाराला जोडावे लागतात. पहिलं प्लगिन बाहेरून येणाऱ्या माहितीचे साचे लिहितं, दुसरं डेटाबेसमधल्या तक्त्यांचे. तिसरं या दोन्ही साच्यांकडे बघून एकातला माल दुसऱ्यात ओतायचा कोड लिहितं. म्हणजे तिसऱ्याची पाळी शेवटी, हे शेंबड्या पोरालाही कळावं. मेव्हन बिचारं फाईलमध्ये ज्या क्रमाने लिहिलंय त्या क्रमाने एकेकाला कामाला लावतं. ते कुणाची ओळखपाळख बघत नाही.

गोरख मात्र बघतो. त्याच्या घरात जत्रेतल्या पालखीच्या पहिल्या खांद्याचा मान आहे. एका वर्षी दुसऱ्या मानाच्या घराने चुकून आधी खांदा दिला, तर पालखी देवळाच्या दारात अडून बसली होती आणि देव उन्हात. अशा घरातल्या माणसाच्या हाती आम्ही क्रम लावायचं काम दिलं. आमची अक्कल ही अशी.

मधल्या काळात कंपनीच्या सर्व्हरवर बिल्ड, म्हणजे सगळा कोड एकत्र बांधायचा सोपस्कार, दोनतीनदा अर्ध्यात पडला. एकदा विंझरची लाईट गेली, एकदा नेट गेलं आणि गोरखचा कोड अर्धाच पोचला म्हणून. आमच्या मॅनेजर कुमारसाहेबांना विंझर नकाशावर सापडत नाही, पण दोष बरोबर सापडतो. त्यांनी गोरखला बजावलं, "अजून एकदा असं झालं, तर गाव बंद. रोज ऑफिसात यायचं." सुलक्षणाला ते कळलं, तेव्हापासून ती बिल्ड झाला का, हे पोरं शाळेतून आली का असं विचारावं तसं विचारायची.

आणि गिऱ्हाइकाला काम दाखवायच्या दिवशीच बिल्ड पडला. गोरखचा फोन आला, "माझ्याकडं तर चालतंय की." आमच्या धंद्यातलं हे सगळ्यांचं पाठ वाक्य. मी गाडी काढून विंझर गाठलं. फाईल उघडली, तर तिसरं प्लगिन सगळ्यांच्या डोक्यावर.

"हे वर कुणी ठेवलं?"

"म्या. मागल्या आठवड्यात फाईल नीट लावली तवा, सर्व्हरला आज धाडली. साहेबांनी सोता आणलेलं हाय ते. खाली कसं ठिवायचं?"

सर्व्हर दर वेळी जुना कोड पुसून नव्याने सुरुवात करतो, त्यामुळे पहिल्या पाळीला तिथे बघायला साचेच नव्हते. विंझरच्या लायटीवर तेवढं पुसून पुन्हा बांधण्यात सकाळ जाते, म्हणून गोरख पुसतच नव्हता. त्याच्या लॅपटॉपवर साहेबांचं प्लगिन मागच्या आठवड्याचे शिळे साचे खाऊन सुखात होतं.

"शेवटी टाक," मी म्हटलं.

"पार शेवटी?" त्याने विचारलं. साहेबांनाच पंगतीतून उठवायला सांगितल्यागत तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मीच त्या चार ओळी कापून खाली चिकटवल्या. बिल्ड झाला आणि गिऱ्हाईकही खूश झालं.

संध्याकाळी कुमारसाहेब व्हिडिओवर आले. काय बिघडलं होतं, म्हणून विचारलं. गोरखला खोटं बोलता येत नाही, ही त्याची आणखी एक अडचण. त्याने सगळं सांगितलं. मी डोळे मिटून घेतले.

साहेब पाघळले. "इतक्या वर्षांत माझ्या कामाची एवढी कदर कुणी केली नाही. गोरख, तुझ्यासारखा माणूस मला शेजारी हवा. तुला टीमचा लीड करतो. सोमवारपासून पुण्याला ये."

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. नाही म्हण, बायकोची नोकरी इथे आहे म्हण, काहीही म्हण.

"व्हय साहेब," गोरख म्हणाला.

सुलक्षणा दारात उभी होती. अंगणवाडीला कुलूप लावून नुकतीच आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. व्हिडिओ बंद झाल्यावर तिने मला पाणी दिलं, माझी विचारपूस केली, मग नवऱ्याकडे वळली.

"त्यांना न्हाई म्हणायची तुमाला लाज वाटली," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "मला हितं एकटीला टाकून जायची न्हाई वाटली."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण हातातला पाण्याचा तांब्या कुठे ठेवावा ते कळेना. गोरख मान खाली घालून बसला. सोमवारी सकाळच्या एसटीने तो पुण्याला गेला.